बाहेरून आलेला स्ट्रायकर आपला कधी होतो?

14 ऑक्टोबर 2025. गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. 2027 च्या आशियाई कपच्या पात्रता फेरीत भारत आणि सिंगापूर समोरासमोर. लालियानझुआला छांगतेनं चौदाव्या मिनिटालाच गोल केला आणि आता जमलं असं वाटायला लागलं. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरनं बरोबरी साधली, मध्यंतरानंतर आणखी एक गोल घातला आणि भारत 1-2 असा हरून पात्रतेच्या शर्यतीतूनच बाद झाला. सिंगापूरचे दोन्ही गोल एकाच खेळाडूनं केले: सोंग उई-यंग. हा गडी जन्मानं दक्षिण कोरियाचा. 2021 मध्ये तो सिंगापूरचा नागरिक झाला.

छत्रपती संभाजीनगरचं आमखास मैदान असो की परभणी, नांदेडच्या शाळा-कॉलेजांची ग्राउंडं, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांत तेव्हापासून एक प्रश्न हटकून निघतो. सिंगापूरला जमतं तर आपल्याला का नाही? आणावा एखादा बाहेरचा, द्यावा पासपोर्ट, सोडवावा गोलचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण उत्तरात देशाचा कायदा येतो, फिफाचा म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम येतो आणि ज्याच्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही तो भाग येतो: गोल करून झाल्यावर या माणसाचं पुढं काय होतं? माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

आधी कायदा. एखाद्या देशात जन्म न घेता, रीतसर अर्ज करून, अटी पूर्ण करून जो तिथलं नागरिकत्व मिळवतो, तो देशीयकृत नागरिक. मराठवाड्याच्या माणसाला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. निजामाच्या राज्यात आपल्या आजा-पणज्यांनी मुल्की आणि गैरमुल्की हा भेद चांगलाच अनुभवलाय. सरकारी नोकरी मुल्की माणसाला. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचं तर 15 वर्षं राज्यात राहिलेलं असावं लागे, आणि मूळ गावी परत जायचा विचार सोडल्याचं लिहून द्यावं लागे. किती वर्षं राहिलास आणि मागचं सोडलंस का, हे दोन प्रश्न तेव्हाही होते. आज फुटबॉलपटूलाही तेच विचारले जातात. फरक इतकाच की पहिला प्रश्न देशाबरोबर फिफाही विचारते.

भारताचा नागरिकत्व कायदा 1955 चा. साध्या परदेशी माणसाला देशीयकरणानं नागरिक व्हायचं असेल तर अर्जाआधीचे सलग 12 महिने आणि त्याच्या आधीच्या 14 वर्षांतली मिळून 11 वर्षं भारतात काढलेली असावी लागतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषाही पुरेशी यावी लागते, म्हणजे मराठी आली तरी चालतं. ज्याचे आईवडील किंवा पूर्वज भारतातले, त्याच्यासाठी नोंदणीचा वेगळा रस्ता आहे. तिथं साधारण सात वर्षांचं वास्तव्य पुरतं.

सगळ्यात जड अट मात्र वर्षांची नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय व्हायचं तर आधीचा पासपोर्ट सोडायचा. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डानं भारतात राहता येतं, काम करता येतं, पण ते नागरिकत्व नव्हे. आणि 2008 पासून क्रीडा मंत्रालयाचं धोरण स्पष्ट आहे की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. युरोपात नाहीतर ऑस्ट्रेलियात वाढलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या भारतीय वंशाच्या खेळाडूचा विचार करा. तिथला पासपोर्ट सोडला की तिथल्या क्लबात तो परदेशी ठरतो, व्हिसाच्या रांगेत उभा राहतो, करारही अडचणीत येऊ शकतो. असा खेळाडू पाऊल मागं घेतो तेव्हा त्याला देशप्रेम नाही म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. तो पोटापाण्याचा हिशेब करतोय.

आता फिफा. पासपोर्ट मिळाला म्हणजे लगेच राष्ट्रीय संघाची जर्सी मिळाली, असं होत नाही. 2004 मध्ये कतारनं ब्राझीलच्या काही खेळाडूंना नागरिकत्व देऊन आपल्याकडून खेळवायचा घाट घातला होता. त्यात वेर्डर ब्रेमेनचा स्ट्रायकर आयल्टनचं नाव सगळ्यात गाजलं. या खेळाडूंचं कतारशी काहीच नातं नव्हतं. फिफानं तातडीनं नियम केला की खेळाडूचा त्या देशाशी खराखुरा संबंध पाहिजे. म्हणजे जन्म तिथला, किंवा आईवडिलांपैकी कुणाचा, किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा. यातलं काहीच नसेल तर तिथं वास्तव्य हवं. हे वास्तव्य आधी दोन वर्षांचं पुरत होतं, 2008 मध्ये ते पाच वर्षांवर नेलं. प्रौढ वयात आलेल्या खेळाडूची पाच वर्षं वयाच्या अठराव्या वर्षानंतरची धरतात. लहानपणीच आलेल्यांसाठी वेगळा हिशेब आहे.

शिवाय आधी दुसऱ्या देशाकडून खेळलेलं असेल तर निराळीच गाठ. वरिष्ठ संघाच्या मैत्रीपूर्ण सामन्यानं खेळाडू कायमचा बांधला जात नाही, स्पर्धेतल्या सामन्यानं बांधला जातो. 2020 मध्ये ही गाठ थोडी सैल केली. एकविसाव्या वर्षाच्या आत तीनपेक्षा जास्त अधिकृत सामने खेळलेले नसतील, ते वर्ल्ड कप किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेतले नसतील, आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटली असतील, तर देश बदलायची परवानगी मागता येते. रायन विल्यम्सचं उदाहरण बघा. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, बंगळुरू एफसीचा हा फॉरवर्ड. आईकडून त्याचं नातं थेट मुंबईशी. त्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि 2025 मध्ये तो भारतीय झाला. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय शिबिरातही आला. पण ऑस्ट्रेलियाच्या फेडरेशनचं ना-हरकत पत्र वेळेत न आल्यानं ढाक्यात बांगलादेशविरुद्ध त्याला खेळता आलं नाही, आणि तो सामना आपण 0-1 असा हरलो. भारतीय पासपोर्ट खिशात असूनही एका कागदासाठी थांबावं लागतं ते असं.

हे सगळे नियम एका माणसाच्या आयुष्यात बघायचे तर अलेक्झांडर ड्युरिचची कारकीर्द बघावी. मला ती फार भावते.

1970 साली तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, आजच्या बोस्नियातल्या डोबॉयजवळच्या खेड्यात तो जन्मला. फुटबॉल खेळायचाच, पण त्याचं खरं नाव झालं ते होडी वल्हवण्याच्या शर्यतींत. 1992 मध्ये बोस्नियात युद्ध पेटलं तेव्हा तो हंगेरीत होता. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये बोस्निया स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदा उतरला आणि ड्युरिच त्या संघातून कनू शर्यतीत उतरला. पुढं त्याच युद्धात त्याची आई गेली. परतायला घर उरलं नाही. मग ऑस्ट्रेलियातल्या एकामागून एक क्लबांत पोटासाठी फुटबॉल, आणि 1999 मध्ये सिंगापूरचा तांजोंग पागार युनायटेड क्लब. तोवर तो 28 वर्षांचा होता. या वयात स्ट्रायकरची उतरण जवळ आली असं क्लबवाले धरतात.

ड्युरिचच्या बाबतीत उलटंच झालं. गेलांग युनायटेड, मग सिंगापूर आर्म्ड फोर्सेस, मग टॅम्पिनीस रोव्हर्स. तिथल्या लीगमध्ये त्याचे गोल तीनशेच्या पुढं गेले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तो एकाहून जास्त वेळा ठरला. सिंगापूर सरकारची बाहेरच्या खेळाडूंना आणून नागरिक करायची योजना होती आणि तिच्यातून कितीतरी जण आले. ड्युरिच त्या योजनेतून आला नाही. तो क्लबसाठी खेळत, बायकापोरांसह तिथं राहत, साध्या माणसासारखा अर्ज करून 2007 मध्ये नागरिक झाला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध वर्ल्ड कप पात्रतेच्या सामन्यात त्यानं पदार्पण केलं आणि सिंगापूर 2-0 असं जिंकलं. दोन्ही गोल त्याचे. वय 37. आठ वर्षं तिथं राहिलेल्या माणसाच्या पात्रतेवर फिफाच काय, कुणीच बोट ठेवू शकत नव्हतं.

2012 मध्ये सिंगापूरनं आसियान विभागाची स्पर्धा जिंकली तेव्हा 42 वर्षांचा ड्युरिच संघात होता. क्लब फुटबॉल त्यानं 2014 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी सोडलं. इतकी वर्षं टिकायला काय लागतं हे खेळलेल्याला सांगायला नको. झोप, जेवण, रोजचा व्यायाम, दारू-सिगारेटला हात नाही. स्ट्रायकरच्या अंगात पहिल्या पाच पावलांचा वेग असतो आणि वयानं तोच आधी जातो. वेग गेला की उरते जागेची समज. बचावपटूची नजर चेंडूवर असताना आपण कुठं सरकायचं, उंच चेंडू डोक्यानं कुठं उतरवायचा, पाठीवर माणूस घेऊन चेंडू कसा दाबून धरायचा. सहा फुटांहून उंच असलेल्या ड्युरिचनं चाळिशीनंतर या समजेच्या जोरावर गोल केले. आणि ही समज दुसऱ्याला शिकवता येते. वेग देता येत नाही.

पुढं सिंगापूरच्या सरकारी क्रीडा संस्थेनं लहान मुलांसाठी ॲक्टिव्हएसजी फुटबॉल अकादमी सुरू केली तेव्हा तिचा प्रमुख म्हणून ड्युरिचला नेमलं. दुसरीकडून आलेला, पस्तिशी उलटल्यावर नागरिक झालेला माणूस त्या देशाच्या लेकरांना चेंडू कसा मारायचा हे शिकवायला लागला.

सगळेच देशीयकृत स्ट्रायकर याच वाटेनं जातात असं नाही. वाग्नर लोपेस ब्राझीलच्या फ्रांका शहरातला. 1987 मध्ये, अजून विशीही गाठली नव्हती तेव्हा तो जपानला निसान कंपनीच्या संघात गेला. तेव्हा जपानची व्यावसायिक लीग, म्हणजे जे-लीग, जन्मलीही नव्हती. दहा वर्षं तिथं काढून 1997 मध्ये तो जपानी नागरिक झाला आणि लगेच वर्ल्ड कप पात्रतेच्या लढतींत उतरला. 1998 मध्ये फ्रान्सच्या लिआँ शहरात जपान विरुद्ध जमैका सामना झाला. जपान 0-2 मागं. डावीकडून नाओकी सोमानं क्रॉस टाकला, लोपेसनं उडी घेऊन तो डोक्यानं गोलसमोर वळवला आणि मासाशी नाकायामानं मांडीनं आत ढकलला. वर्ल्ड कपमधला जपानचा हा पहिला गोल. नोंदवहीत नाव नाकायामाचं आहे, पण त्या गोलमधलं अवघड काम लोपेसचं होतं. बाहेरून आलेल्या स्ट्रायकरचा हिशेब नुसता गोलांच्या आकड्यावर करू नये तो यासाठी.

निवृत्तीनंतर लोपेस प्रशिक्षक झाला, पण ब्राझीलमध्ये. तिथल्या बऱ्याच क्लबांना त्यानं शिकवलं. 2017 मध्ये मोसमाच्या मध्यात जपानच्या अल्बिरेक्स निगाता क्लबनं त्याला बोलावलं. संघ तळाला होता, वाचवायचा होता. वाचला नाही, खालच्या विभागात गेला. चांगला स्ट्रायकर म्हणजे चांगला प्रशिक्षक असं गणित नसतं. बुडत्या संघाला उरलेल्या मोसमात कोण वाचवणार, हेही खरं.

आपल्याकडचं उदाहरण आहे अराता इझुमीचं, आणि ते महाराष्ट्राला फार जवळचं. आई जपानी, वडील गुजराती मूळचे, जन्म 1982 चा जपानमधल्या शिमोनोसेकीचा. तोही आधी सिंगापूरच्या लीगमध्ये, अल्बिरेक्स निगाताच्याच तिथल्या संघात खेळला. 2006 मध्ये तो ईस्ट बंगालकडून भारतात आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडं, आणि 2009 पासून पुणे एफसीकडं. बालेवाडीला जाऊन ज्यांनी आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगचे सामने पाहिलेत त्यांना त्याचा डावा-उजवा सारखा पाय आठवत असेल. तो पक्का नऊ नंबर, म्हणजे गोलसमोरचा मुख्य स्ट्रायकर नव्हता. स्ट्रायकरच्या मागं किंवा कडेनं खेळणारा आक्रमक होता. जपानी नागरिकत्व सोडून तो भारतीय झाला आणि 6 फेब्रुवारी 2013 ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध भारताकडून उतरला. देशीयकृत होऊन भारताच्या फुटबॉल संघात खेळणारा तो पहिला. सामना आपण 2-4 असा हरलो, आणि राष्ट्रीय संघातली त्याची कारकीर्द लांबलीही नाही.

एवढंच मोजलं तर लोक म्हणतील, पासपोर्ट बदलून काय मिळालं? पण इझुमी परत गेला नाही. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, कोलकात्याचा एटीके, पुणे सिटी आणि केरळ ब्लास्टर्सकडून खेळून तो प्रशिक्षक झाला आणि नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या अकादमीतल्या मुलांबरोबर कामाला लागला. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाला त्याचं देणं त्या एका सामन्यात शोधायचं की त्या मुलांत? माझं उत्तर मुलांत. म्हणून ओसीआय खेळाडूंची चर्चा निघते तेव्हा मला वाटतं, अर्जात एक प्रश्न आपणही विचारावा: खेळून झाल्यावर इथं थांबणार का, शिकवणार का?

मग सगळे देश बाहेरून आणतात तो बहुतेकदा स्ट्रायकरच का? गोलकीपर किंवा बचावपटू त्यामानानं कमी. कारण गोल करणं हे सगळ्यात दुर्मीळ कसब आहे आणि क्लब पैसे तिथंच ओततात. आयएसएल बघा. 2014 च्या पहिल्या मोसमापासून 2024-25 पर्यंत अकराही मोसमांत सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूनं नेला. क्लबला सामना जिंकायचा असतो, म्हणून नऊ नंबरची जर्सी तो परदेशी माणसाला देतो. भारतीय पोरगा मग विंगला जातो किंवा बाकावर बसतो. वर्षानुवर्षं असं चाललं की राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकानं स्ट्रायकर शोधायचा कुठं? सुनील छेत्री जून 2024 मध्ये निवृत्त झाला आणि मार्च 2025 मध्ये, चाळिशीत, त्याला परत यावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. त्याच्याबद्दलचा आदर दुणावला, आणि मागं कुणी नाही याची काळजीही.

ही पोकळी पासपोर्टनं भरली तरी पाच-सहा वर्षांसाठी. नंतर पुन्हा तीच. ती खालून भरायची तर दहा-बारा वर्षांच्या मुलांना स्ट्रायकरचं कसब शिकवणारी माणसं लागतात.

ते कसब कसं शिकवतात याचा एक नमुना. आपल्याकडचं पोरगं चेंडू पायात आल्यावर मान वर करतं. तोवर बचावपटू अंगावर आलेला असतो. जाणता प्रशिक्षक काय करतो, तर पोराला गोलकडं पाठ करून उभं करतो, समोरून दुसऱ्याला पास द्यायला सांगतो आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन हाताची बोटं वर धरतो. पास निघाला की पोरानं खांद्यावरून मागं बघायचं आणि चेंडू पोचायच्या आत बोटं किती ते ओरडून सांगायचं.

"किती रे?"

"तीन, सर!"

"चेंडू पायाला लागल्यावर सांगितलंस. आधी सांग."

पन्नास वेळा, शंभर वेळा. महिनाभरात मान आपोआप फिरायला लागते. यासाठी हिरवळ लागत नाही, फ्लडलाइट लागत नाहीत. एप्रिलमध्ये टणक झालेल्या आपल्या मुरमाच्या ग्राउंडावर सकाळी साडेसहाला होतं. फक्त ज्याला हे ठाऊक आहे असा माणूस तिथं उभा पाहिजे.

तो माणूस तयार होतो परवान्यांच्या शिडीनं. आशियाई फुटबॉल महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो असे परवाने आहेत. भारतात त्याखाली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना आहे. एक पायरी झाल्यावर काही काळ प्रत्यक्ष मुलांना शिकवायचं, मग वरच्या पायरीला अर्ज. प्रो परवान्याचा अभ्यास वर्षभराहून लांबतो आणि आयएसएलच्या मुख्य प्रशिक्षकाला तोच लागतो. कितीही मोठा स्ट्रायकर असला तरी ही शिडी चुकत नाही. जे तो पायानं करत होता ते आता शब्दांत मांडायला, कागदावर आखायला आणि न जमणाऱ्या मुलाला चौथ्यांदा वेगळ्या रीतीनं समजावायला शिकतो. कित्येक गुणी खेळाडू इथंच अडखळतात. त्यांना ते उपजत जमत होतं, म्हणून कसं जमतं हे त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. ड्युरिच किंवा इझुमीसारखा तीन-चार देशांत, वेगवेगळ्या भाषांत खेळलेला माणूस या बाबतीत थोडा पुढं असतो. न कळणाऱ्या भाषेत स्वतः शिकलेला असल्यामुळं दुसऱ्याला करून दाखवायची सवय त्याला आधीच लागलेली असते.

डी परवान्यासाठी राष्ट्रीय संघात खेळलेलं असावं लागत नाही. महाराष्ट्रात हे वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात. विद्यापीठाकडून खेळून पुढं नोकरीला लागलेला लातूरचा नाहीतर जालन्याचा माजी खेळाडू, शाळेतला क्रीडाशिक्षक, यांना ही पायरी चढता येते. वर्ग मुंबई-पुण्याकडं निघाला तर आठवड्याची रजा, गाडीभाडं आणि फी पदरची घालावी लागते. मराठवाड्यातून जाणाऱ्याला हाच खर्च आडवा येतो. जिल्हा संघटनांनी एकत्र येऊन वर्षाला एक वर्ग संभाजीनगरला किंवा नांदेडला मागून घेतला तर तो खर्च निम्म्यावर येईल.